फुगलेलं पोट, सहा वेळा सुया आणि ताईची वही

११ फेब्रुवारी, रविवारची रात्र. खरं म्हणजे सोमवार उजाडत होता, दोन वाजून गेले होते. छातीच्या हाडाखाली, बरोब्बर मधोमध, कुणीतरी मूठ रोवून धरल्यासारखं दुखायला लागलं आणि अर्ध्या तासात ते आरपार पाठीत गेलं. आडवं झालं की वाढायचं. उशी पोटाशी धरून पुढे वाकलं की जरा श्वास घेता यायचा. स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या बाजूला असतं आणि असं पुढे वाकून बसणं हे त्याच्या दुखण्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी अ‍ॅसिडिटी म्हणून दोन गोळ्या चघळल्या आणि पाच तास वाया घालवले. तुम्ही घालवू नका. पोटाच्या वरच्या भागात असं दुखणं, त्यात उलट्या, आणि कसंही बसलं तरी चैन नाही, असं झालं तर सकाळची वाट बघायची नसते.

मला झालं होतं ते अ‍ॅक्यूट पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज. हे लिहायचं कारण सांगतो. तिसऱ्या दिवशी मला विचारलं गेलं, "सुयांचा उपचार घेऊन बघणार का, सोबत?" म्हणजे इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर, सुया टोचून त्यांतून हलका विजेचा प्रवाह. तेव्हा मराठीत वाचायला मला काही म्हणता काही सापडलं नाही. जे सापडलं ते एकतर चमत्काराच्या गोष्टी होते, नाहीतर सरसकट थट्टा. मला दोन्ही नको होतं. माझ्या पायात नेमकं काय करणार आणि सही कशावर घेणार, एवढंच हवं होतं. तर ते सगळं खाली आहे. मी डॉक्टर नाही.

सकाळी सव्वासातला इमर्जन्सीत पोचलो तेव्हा पहिल्यांदा काढला तो ईसीजी. मी म्हटलं, पोट दुखतंय हो. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल तर आधी हृदय बघतो, मग पोट." मग रक्त. लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातला एक पाचक रस, आलं १८४०, आणि त्या लॅबच्या कागदावर नॉर्मलची वरची मर्यादा होती ६०. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले, स्वादुपिंड मात्र आतड्यातल्या गॅसमुळे दिसलंच नाही. मला वाटलं आता सीटी करतील. पण या आजाराचं निदान तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की होतं: ठरावीक प्रकारचं दुखणं, लायपेज किंवा त्याच्यासारखंच अमायलेज नॉर्मलच्या किमान तिप्पट, आणि स्कॅनवरची सूज. माझ्या दोन जुळल्या होत्या. पहिल्या दिवशी काढलेल्या सीटीत नुकसान खरं आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं, म्हणून तो चार-पाच दिवसांनी, गरज पडली तर. हे मला कुणी नीट सांगितलं नसतं, तर "इथं सीटीसुद्धा करत नाहीत" म्हणून मी दुसरीकडे पळालो असतो.

अ‍ॅक्यूट पँक्रियाटायटिसवर नेमकं असं औषध नाही, हा माझ्यासाठी पहिला धक्का. पाचक रस आतड्यात जाऊन करायचं काम स्वादुपिंडातच सुरू करतात आणि अवयव स्वतःलाच खायला लागतो. डॉक्टरांच्या हातात असतं ते म्हणजे सलाईन, वेदनाशामक, लघवीवर आणि श्वासावर नजर, आणि शक्य तितक्या लवकर पोटात अन्न. दहातले आठ रुग्ण एवढ्यावर बरे होतात. उरलेल्या दोघांत आपण आहोत का, हे कळायला अठ्ठेचाळीस तास तरी लागतात. सलाईनच्या बाबतीतही मी घाबरून "अजून जोरात लावा" म्हणत होतो. पण २०२२ साली वॉटरफॉल नावाच्या चाचणीत धो धो सलाईन लावलेल्यांपैकी वीस टक्के लोकांच्या अंगात पाणी जास्त झालं, बेतानं लावलेल्यांत सहा टक्क्यांच्या. फायदा काही दिसला नाही. तेव्हापासून सलाईन बेतानंच लावतात.

ताई दुपारी आली. माझी थोरली बहीण. तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली, रकाने आखले: वेळ, दुखणं दहापैकी किती, कुठलं इंजेक्शन, लघवी, उलटी, गॅस. मी म्हटलं, "हे सगळं सिस्टर लिहितातच की." ती म्हणाली, "त्यांचं त्यांच्याकडे. माझं माझ्याकडे." या वहीनं पुढे जे काम केलं ते कुठल्याही कागदानं केलं नाही. कुणी दाखल झालं की पहिल्या दिवशी वही घ्या.

दुसरा दिवस, १३ तारीख, लिहिण्यासारखा नाही. दुखणं आठवर, फेंटानिल हे वेदनाशामक दिलं की पाचवर, तीन तासांनी परत सातवर.

बुधवारी, १४ तारखेला, दुखण्यापेक्षा पोट जास्त छळायला लागलं. नगाऱ्यासारखं टम्म. डॉक्टर राऊंडला आले, स्टेथोस्कोप पोटावर ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आतडी रुसलीत." शेजारी आग लागली की आतडी हालचाल थांबवतात, आणि वेदनाशामक म्हणून दिलेली अफूवर्गातली औषधं त्यांना आणखी सुस्त करतात. म्हणजे दुखू नये म्हणून जे देतात त्यानंच पोट फुगतं, आणि पोट फुगलं की दुखतं. नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं. ती नळी घालताना घोट घेत राहा म्हणतात, ते मनापासून करा, त्यानं खरंच लवकर सरकते. पलंगाला एनबीएमची, म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही अशी, पाटी होतीच. रक्तात पोटॅशियम ३.० आलं, ते सलाईनमधून सुरू झालं. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, १६८. अठ्ठेचाळीस तासांनी तो दीडशेच्या वर गेला तर आजार जरा जोरातला आहे असं समजतात. छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला थोडं पाणी. मूत्रपिंडं आणि फुप्फुसं मात्र काम करत होती, म्हणून आयसीयू टळलं.

आणि त्याच राऊंडला एक अट पडली: शुक्रवार संध्याकाळपर्यंत तोंडानं काही सुरू झालं नाही, तर जठराच्या पुढे आतड्यात नळी टाकून त्यातून अन्न देणार. उपाशी ठेवून स्वादुपिंडाला 'आराम' द्यायचा ही जुनी समजूत. आतडं रिकामं पडून राहिलं तर त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि तिथले जंतू बाहेर पडू शकतात, म्हणून आता लवकर खायला घालतात.

हे सांगून झाल्यावर डॉक्टर दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "आमच्या पेन क्लिनिकमध्ये इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर करतात. पोट फुगणं आणि दुखणं यासाठी काही जणांना देतो. स्वादुपिंडाचा इलाज म्हणून नाही. जोड म्हणून. घ्या किंवा नका घेऊ, बाकीचं काहीही बदलणार नाही."

ताईचं पहिलं वाक्य होतं, "सुया टोचून स्वादुपिंड बरं होतं?" डॉक्टर म्हणाले, "नाही." ते 'नाही' इतकं सरळ आलं की माझा निम्मा निर्णय तिथंच झाला. 'हो' म्हणाले असते तर मी घेतलं नसतं.

मग कागद. संमतीपत्र दोन पानी होतं. त्यात विचारलं होतं: पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं कुठलं यंत्र आहे का, फिट्स येतात का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, गरोदर आहात का, जिथं टोचायचं तिथं त्वचेला संसर्ग आहे का. रक्त पातळ करणाऱ्यावर गाडी अडली. झोपून राहिल्यानं पायात गुठळी होऊ नये म्हणून मला रोज रात्री आठला हेपॅरिनचं इंजेक्शन होतं, आणि मला ते काय आहे हे माहीतच नव्हतं. ताईच्या वहीत होतं. म्हणून प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त नीट गोठतंय का ते सांगणाऱ्या तपासण्या) परत बघितले आणि सुया रात्रीच्या इंजेक्शनपासून शक्य तितक्या लांब, म्हणजे दिवसा लावायच्या ठरल्या. तुमच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्ही विचारा. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ होती: या उपचारामुळे चालू असलेले कोणतेही उपचार थांबवले अथवा पुढे ढकलले जाणार नाहीत. ही ओळ नसेल तर सही करू नका, एवढं मी नक्की सांगेन.

विम्याचं वेगळंच. पूर्वमंजुरी मागितली तर खिडकीवरून उत्तर आलं की या उपचाराला त्यांच्या यादीत कोडच नाही, तो 'इतर' मध्ये टाकून पाठवतो, दोन दिवस लागतील. दोन दिवस म्हणजे शुक्रवार. ताईनं शेवटी "मंजुरी न मिळाल्यास रक्कम स्वतः भरू" असं लिहून दिलं. या लिहून दिलेल्या कागदाची प्रत मागून घ्या. आम्ही घेतली नाही आणि नंतर तो कागद फाईलमध्ये कुणालाही सापडेना.

गुरुवार, १५ तारीख. दुपारी बाराची वेळ दिली होती. साडेचार वाजले.

पेन क्लिनिकच्या डॉक्टर एका ट्रेमध्ये सगळं घेऊन आल्या. सुया सीलबंद पाकिटात, एकदा वापरून टाकायच्या. पाकीट माझ्यासमोर फोडलं. मी इंजेक्शनच्या सुईची कल्पना करून बसलो होतो. ही सुई पाव मिलिमीटर जाडीची, मधे भोक नाही, हातात धरली तर वाकते. त्यांनी माझ्या गुडघ्याच्या वाटीखालचा बाहेरचा खळगा शोधला, तिथून खाली चार बोटं आडवी ठेवली, नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर सरकल्या आणि दाबून म्हणाल्या, "इथं." या जागेला चिनी भाषेत झुसानली म्हणतात. पोटाच्या तक्रारींसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा हीच. तिच्याखाली आणखी चार बोटांवर दुसरी. दोन्ही पायांत मिळून चार सुया. पाचवी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून दोन अंगठे वर, मळमळीसाठी. तीही एकाच हातात, कारण दुसऱ्या हातात सलाईन होतं. पोटावर एकही नाही. "फुगलेल्या पोटात मी सुई घालत नाही," त्या म्हणाल्या. मला ते ऐकून बरं वाटलं.

सुई बारीक नळीतून टिचकी मारून आत जाते. टक. डास चावल्याइतकंही नाही. पण मग त्या ती हलकेच फिरवत खाली नेतात, आणि एका क्षणी पायात काहीतरी जड, बोथट, ठणकल्यासारखं पसरतं, पार घोट्यापर्यंत. त्याला दची म्हणतात. "आलं का?" त्यांनी विचारलं. मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही, पायाची बोटं आपोआप ताठ झाली होती.

मग तारा. मगरीच्या जबड्यासारखे छोटे चिमटे सुईच्या मुठीला लावले. एका पायातल्या दोन सुयांची एक जोडी, दुसऱ्या पायाची वेगळी. एका पायातून दुसऱ्या पायात किंवा एका हातातून दुसऱ्या हातात प्रवाह जाऊ द्यायचा नाही, छातीतून तर अजिबात नाही. मनगटातल्या सुईला तार लावलीच नाही. यंत्र रेडिओएवढं, वर बटणं. त्या बटण इतकं सावकाश फिरवत होत्या की मी दोनदा म्हटलं, "काही होत नाहीये." तिसऱ्यांदा म्हणायच्या आत नडगीजवळचा स्नायू उडाला. सेकंदाला दोन ठोके. पाऊल दारावर टकटक करावं तसं हलायला लागलं. काही सेकंदांनी ठोके थांबून एकदम भुंग्यासारखी गुणगुण, पाय नुसता घट्ट. परत ठोके. परत गुणगुण. दोन हर्ट्झ आणि शंभर हर्ट्झ असं आलटून पालटून, तीस मिनिटं. जोर असा ठेवायचा की जाणवेल पण दात आवळावे लागणार नाहीत.

पाचव्या मिनिटाला मॉनिटर बोंबलायला लागला. पडद्यावर हृदयाची रेघ करवतीसारखी झाली होती. सिस्टर धावत आल्या, माझं तोंड बघितलं, मग पाय बघितले, म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना!" त्या ठोक्यांची भेसळ ईसीजीत होते. तुमच्या वॉर्डात सुरू करायच्या आधी सिस्टरना सांगा, नाहीतर कुणाचं तरी हृदय उगाच थांबेल, तुमचं नव्हे.

त्या संध्याकाळी दुखणं सातवरून पाचवर आलं. वहीत तसं आहे. वहीत हेही आहे की सहा वाजता इंजेक्शन दिलं होतं. झोप मात्र सलग चार तास लागली, दाखल झाल्यापासून पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी दहाला दुसरी वेळ. तेच सगळं. राऊंडला दर तासाला कुणी ना कुणी विचारत होतं, "गॅस पास झाला का?" माणसाच्या आयुष्यात हा प्रश्न इतका महत्त्वाचा होईल असं वाटलं नव्हतं. रेसिडेंट डॉक्टर, सिस्टर, जेवणाची गाडी ढकलणारे मामा, सगळे. संध्याकाळी नळी टाकायची तयारी होती, तो ट्रे समोर आणूनही ठेवला होता.

दुपारी एक वाजून वीस मिनिटं. वहीत ताईनं वेळ लिहून खाली दोन रेघा मारल्यात. आधी पोटात गुडगुड, एखाद्या जुन्या नळातून पाणी यावं तशी, मग झालं. ताई बाहेर जाऊन अख्ख्या नर्सिंग स्टेशनला सांगून आली. मला लाज वाटली नाही.

आता श्रेय कुणाचं? मी त्या रात्री वहीची पानं उलटत बसलो. शुक्रवारी पहाटेच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ३.९ झालं होतं, आणि पोटॅशियम कमी असलं की आतडी हलत नाहीत हे पाठ्यपुस्तकातलं आहे. गुरुवार रात्रीपासून फेंटानिल निम्म्यावर आणलं होतं. शुक्रवारी सकाळी मला पहिल्यांदा उठवून वॉर्डात दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आजाराचा पाचवा दिवस होता, बहुतेकांची आतडी एव्हाना आपापली मार्गी लागतात. आणि हो, दोनदा सुया लावल्या होत्या. या पाचांतलं कुठलं? मी पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही एकटेच आहात ना. दुसरा तुम्ही असता, सुया न लावलेला, तर सांगता आलं असतं."

त्यांनीच मग एक गोष्ट सांगितली. जुलै १९७१ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, गेले असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. लोक सांगतात की ऑपरेशन अ‍ॅक्युपंक्चर देऊन केलं. चूक. ऑपरेशन नेहमीची भुलीची इंजेक्शनं देऊनच झालं होतं. सुया लावल्या त्या दुसऱ्या रात्री, पोट गॅसनं फुगून दुखत होतं म्हणून. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. बरं वाटलं असं त्यांनी पेपरात लिहिलं आणि अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरची लाट आली. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी रेस्टनना जे झालं तेच मला झालं होतं, आणि त्यांच्या बाबतीतही 'दुसरे रेस्टन' नव्हतेच.

घरी आल्यावर वाचलं ते थोडक्यात. बीजिंगच्या हान जीशेंग यांनी अनेक वर्षं खपून दाखवलं की कमी वारंवारतेला मज्जासंस्था एन्केफलिन, एंडॉर्फिनसारखी वेदना शमवणारी रसायनं सोडते आणि शंभर हर्ट्झला डायनॉर्फिन. दोन-शंभरची आलटापालट त्यातून आली. २०२१ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात चिउफू मा यांच्या गटाचं काम छापून आलं. उंदराच्या मागच्या पायात झुसानलीच्या जागी हलका प्रवाह दिला की व्हेगस नावाच्या नसेतून अ‍ॅड्रिनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला निरोप जातो आणि शरीरभरचा दाह कमी होतो. पोटावरच्या जागी तेवढाच प्रवाह दिला तर होत नाही, कारण त्या कामाचे मज्जातंतू पायात खोलवर आहेत, पोटावर तिथं नाहीत. वाचून मी खूश झालो, मग परत वाचलं: उंदीर, आणि त्यांना जंतूंचं विष टोचलेलं. स्वादुपिंडाची सूज नव्हे. माणसांवरच्या, याच आजारातल्या चाचण्या बहुतेक चीनमधल्या आहेत. पोट लवकर चालू होणं, दुखणं कमी होणं, खाणं लवकर सुरू होणं असे फायदे त्यांत दिसतात, पण बऱ्याच चाचण्या छोट्या, आणि पाय उडत असताना आपल्याला खरा प्रवाह दिला की खोटा हे रुग्णाला न कळू देणं अवघड. या आजाराच्या नेहमीच्या उपचारात म्हणूनच ते धरलेलं नाही.

शनिवारी, १७ तारखेला, नाकातली नळी निघाली. आधी पाणी, मग पातळ, दुसऱ्या दिवशी कमी चरबीचं मऊ अन्न. पहिला घोट गिळताना मी पाठीत कळ येण्याची वाट बघत होतो. आली नाही. त्याच दिवशी सीटी झाला: स्वादुपिंडाला सूज, शेजारी द्रव साठलेला, पेशी मेलेल्या नाहीत. कागदावर 'मध्यम तीव्र'. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये, अडकलेला खडा नव्हता आणि कावीळ दाखवणारं बिलिरुबिन उतरत होतं, म्हणून दुर्बिणीतून नलिका साफ करायची गरज पडली नाही. बहुधा खडा मला पाच तास घोळवून स्वतःच खाली सरकला होता.

तिसरी वेळ फसली. शनिवारीच, सीटीहून आल्या आल्या. मला बसायचा कंटाळा आला होता की झोपायचा, कोण जाणे, मी म्हटलं बसूनच लावा. तिसऱ्या सुईला कानात शीळ वाजली, घाम फुटला, पडदा काळा. शुद्ध गेली नाही, पण जाता जाता राहिली. सुया काढल्या, पलंग सपाट, पाय वर, दोन मिनिटांत ठीक. उपाशी, थकलेल्या माणसाला हे होऊ शकतं, म्हणून आडवं पडूनच घ्यायचं. घाईत सुई काढली तिथं हेपॅरिनमुळे रक्त साकळलं आणि नाण्याएवढा काळानिळा डाग पडला, तो तीन आठवडे होता.

रविवारी क्लिनिक बंद. सोमवार, मंगळवार, बुधवार अशा आणखी तीन वेळा झाल्या, त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खरं सांगायचं तर शेवटच्या दोन मी घेतल्या त्या त्या अर्ध्या तासासाठी. वॉर्डात दिवसभर लोक येतात, काहीतरी मोजतात आणि जातात. त्या अर्ध्या तासात कुणीतरी शेजारी बसलेलं असायचं आणि विचारायचं, "आता कसं वाटतंय?" त्याचा परिणाम किती आणि प्रवाहाचा किती, हाही एक रकाना वहीत हवा होता.

२२ तारखेला, गुरुवारी, अकराव्या दिवशी घरी. सकाळी नऊला 'डिस्चार्ज आहे' म्हणाले, बाहेर पडायला संध्याकाळचे सहा झाले. डिस्चार्ज समरी हातात आली तर इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरचा त्यात उल्लेखच नाही. बिलात मात्र सहा वेळचे पैसे. एकूण बिलात तो आकडा किरकोळ होता, पण समरीत नसलेली गोष्ट विमावाले मानत नाहीत, म्हणून ताई परत वर गेली आणि एक ओळ घालून घेतली. त्यातही आधी 'फिजिओथेरपी' असं टाईप केलं होतं. घरी जायची घाई असते, तरी समरी आणि बिल शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. काउंटरवरून एकानं जाता जाता सुचवलं की स्वादुपिंड 'मजबूत' करायला दहा वेळचं पॅकेज घ्या. मी पेन क्लिनिकच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोट चालतंय, दुखत नाही. कशासाठी घेताय?" नाही घेतलं.

विम्याचं पत्र पाच आठवड्यांनी आलं. बाकी सगळं मंजूर, सुया नामंजूर, कारण 'वैद्यकीय आवश्यकता सिद्ध होत नाही'. ताई अपील करायला निघाली होती. मी म्हटलं, ताई, वही दाखवली तर आपल्याच वहीतून त्यांचं म्हणणं सिद्ध होईल.

पित्ताशय काढायचंच होतं, नाहीतर हे परत होणार. आजार सौम्य असता तर त्याच मुक्कामात काढलं असतं, पण शेजारी साठलेला द्रव जिरेपर्यंत थांबायचं ठरलं. २६ मार्चच्या स्कॅनमध्ये तो गेला होता. ८ एप्रिलला दुर्बिणीतून ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जुनी फाईल चाळताना ती ओळ वाचली आणि विचारलं, "सुया कुठं लावल्या होत्या?" मी पायजमा वर करून नडगी दाखवली. डाग कधीच गेला होता. जागा मी बोटं मोजून शोधली.

खडे एका प्लास्टिकच्या बाटलीत घालून दिले. मी एखादा दणकट दगड असेल असं धरून चाललो होतो. चौदा होते, सगळे मिरीपेक्षा लहान. सर्जन म्हणाले, मोठा असता तर पित्ताशयात बसून राहिला असता, हे बारीकच नलिकेत घसरतात. ताईनं बाटली उजेडात धरली, मोजले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: १४.